जोत्याची उंची

फार फार वर्षांपूर्वी, घर बांधायचं तर आधी राजाची परवानगी घ्यावी लागे अशा काळात, दोन डोंगरांमधून वाहत येणाऱ्या एका नदीच्या काठी एक गाव होतं. गावाला बाजार होता, कुंभारांची आळी होती, विणकरांची आळी होती. आणि त्या गावात घर बांधण्याचे नियम होते. ते नियम बदलत असत.

दर पौर्णिमेला सकाळी चावडीसमोर ढोल वाजे. गावातले सगळे गवंडी आणि सुतार तिथे जमत. चावडीवरचा कारकून पायरीवर उभा राहून नवे नियम वाचून दाखवी. कधी एकच नियम असे, कधी चार-पाच असत. कधी नवीन काहीच नसे, आणि त्या दिवशी गवंडी एकमेकांना गूळ वाटत.

कारकून फक्त नियम वाचत असे. नियम का झाला ते वाचत नसे, कारण ते लिहिलेलंच नसे. दार तीन हात रुंद असावं, एवढंच. चूल भिंतीपासून दीड हात दूर असावी, एवढंच. ऐकणारे ऐकत, माना डोलावत, आणि मनातल्या मनात काय काय तोडावं लागणार याचा विचार करत घरी जात.

या गावात निंबाजी नावाचा एक गवंडी राहत होता. वीस वर्षांत त्याच्या एकाही भिंतीला चावडीच्या माणसांनी बोट लावलं नव्हतं. लोक म्हणत, काय हात आहे त्याचा! पण खरं सांगायचं तर हातापेक्षा त्याची भीती मोठी होती. लहानपणी त्याने आपल्या बापाची भिंत पडताना पाहिली होती. ती वीतभर रस्त्यात आली होती, म्हणून चावडीच्या माणसांनी भर बाजाराच्या दिवशी ती पाडली. बाप हात बांधून बघत उभा राहिला होता. तेव्हापासून निंबाजी माप तीन तीन वेळा घेई. पौर्णिमा जवळ आली की त्याला घास जाईनासा होई. त्याची बायको हौसा त्याच्याच हाताखाली चुना मळत असे. ती म्हणायची, "मला आभाळात चंद्र बघावा लागत नाही. ह्यांच्या ताटात भाकरी उरायला लागली, की समजायचं, पौर्णिमा आली."

एका कार्तिकात राहीआई त्याच्याकडे आली. राहीआई म्हणजे गावची सुईण. नदीपलीकडे डोंगरात बारा वाड्या होत्या. पावसाळ्यात नदी भरली की त्या वाड्यांचा गावाशी संबंध तुटे. म्हणून ज्या बायकांचे दिवस पावसाळ्यात भरणार असत, त्या महिनाभर आधीच नदी ओलांडून राहीआईच्या झोपडीत येऊन राहत. झोपडीला खोली एकच. मागच्या वर्षी तिथे एकाच दुपारी दोघी बाळंत झाल्या होत्या, मध्ये एक लुगडं आडवं टांगून.

"राजाने जागा दिली आहे," राहीआई म्हणाली. "नदीकाठी, विणकरांच्या आळीला लागून. चार खोल्या हव्यात मला. आणि आषाढाच्या आत हव्यात, निंबा. दर पावसाळ्यात सहा जणी तरी असतातच. सातवी कुठून येईल ते देवाला ठाऊक."

"आषाढ म्हणजे पुष्कळ वेळ आहे, राहीआई," निंबाजी म्हणाला.

तो चावडीवर गेला आणि परवाना घेऊन आला. त्या काळी परवाना म्हणजे हातभर लांबीची लाकडी फळी असे. तिच्यावर सगळी मापं कोरलेली आणि खाली लाखेची मोहर. ती फळी बांधकामावर टांगून ठेवावी लागे. निंबाजीच्या फळीवर कोरलं होतं: जोतं दोन हात, भिंत सात हात, दारं चार.

काम सुरू झालं. पाया खणला, दगड भरले, दोन हातांचं जोतं उभं राहिलं. भिंती कंबरेपर्यंत आल्या आणि मार्गशीर्षातली पौर्णिमा आली. कारकुनाने वाचलं, ज्या घरात आजारी किंवा अडलेली माणसं ठेवायची, त्याचं प्रत्येक दार तीन हात रुंद हवं. निंबाजीची दारं अडीच हातांची होती. त्याने चार चौकटी काढल्या, त्यांच्या बाजूच्या भिंती उतरवल्या आणि पुन्हा रचल्या. वीस दिवस गेले.

पौषातली पौर्णिमा आली. अशा घराला समोरासमोर दोन वाटा हव्यात, म्हणजे पुढचं दार आणि मागचं दार. निंबाजीने मागची भिंत फोडली. आणखी बारा दिवस गेले.

आता राहीआई रोज संध्याकाळी येऊन भिंतीकडे बघत उभी राहू लागली. नुसती उभी राही, बोटांवर काहीतरी मोजी आणि निघून जाई. तिची ती मोजणारी बोटं निंबाजीला झोपेतही दिसायला लागली.

माघातल्या पौर्णिमेला सकाळी ढोल वाजला, तेव्हा निंबाजी भिंतीवर चढलेला होता. त्या दिवशी पहिली तुळई बसवायची होती. दोराने बांधून ती वर ओढलेली होती आणि चार माणसं तिला खांदा देऊन उभी होती. ढोल ऐकून निंबाजीच्या हातातली थापी थांबली.

"अहो, ढोल वाजतोय," हौसा खालून म्हणाली.

"वाजू दे."

"जाणार नाही?"

"ही तुळई कोण बसवील मग? तू बसवशील?"

हौसा पुन्हा चुन्याकडे वळली. वीस वर्षांत तो असा कधी तिच्यावर खेकसला नव्हता. ढोल बराच वेळ वाजला आणि थांबला. निंबाजीने तुळई बसवली, दुसरी बसवली, तिसरीही बसवली. गेलो नाही तर कळणार नाही, तो मनाशी म्हणत होता. आणि कळलं नाही, तर तोडावं लागणार नाही.

तुम्ही म्हणाल, असं कुठे असतं का? डोळे मिटून घेतले म्हणून समोरचा खड्डा बुजतो का? पण घाबरलेला माणूस हेच करतो.

दहा दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी शेजारच्या जागेवरून खेमाजी गवंडी आला. खेमाजी विणकरांसाठी माग घालायचं मोठं घर बांधत होता. त्याचा परवाना निंबाजीच्या परवान्याबरोबरच निघाला होता आणि त्याचंही जोतं दोनच हातांचं होतं. तो चुन्याला थोडी वाळू उसनी मागायला आला होता. घमेलं भरता भरता म्हणाला, "परवाच्या पौर्णिमेला तू दिसला नाहीस. पण कळलं असेलच. नदीकाठच्या घरांचं जोतं आता चार हात."

"हो, कळलं," निंबाजी म्हणाला.

खेमाजी घमेलं उचलून निघून गेला. निंबाजी तिथेच उभा राहिला. त्याने वर बघितलं. भिंती पूर्ण झाल्या होत्या. तुळया बसल्या होत्या. वासेसुद्धा निम्मे पडले होते. दाराची चौकट थोडी सरकवणं वेगळं. जोतं म्हणजे घराचा तळ. तो दोन हात उचलायचा म्हणजे जमीन उचलायची, दारं उचलायची, छप्पर उतरवायचं. आणि फाल्गुन लागत होता.

त्या दिवसापासून त्याला कशातच चैन पडेना. रस्त्याने घोडा गेला तरी त्याला वाटे, चावडीची माणसं आली. राहीआई संध्याकाळी आली की तो मागच्या दाराने बाहेर जाई. एकदा डोंगरातल्या दोन बायका घर बघायला आल्या. एकीला पाचवा महिना होता. तिने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती गार आहे! इथे बरं वाटेल." निंबाजीने ओळंबा खाली सोडला होता. तो त्याने गुंडाळला आणि मागच्या दाराने बाहेर पडला.

त्या संध्याकाळी हौसाने ताट त्याच्यासमोर सरकवलं आणि म्हणाली, "पौर्णिमा तर लांब आहे. मग भाकरी का उरते?"

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं.

हौसाने विचार केला. "चावडीवर जाऊन विचारा," ती म्हणाली. "रोज थोडं थोडं मरण्यापेक्षा एकदा काय ते विचारा."

दुसऱ्या दिवशी निंबाजी परवान्याची फळी काखेत घेऊन चावडीवर गेला. कारकुनाने फळी हातात घेतली, मोहर बघितली, तारीख बघितली आणि फळी परत दिली.

"तुमचा परवाना कार्तिकातला आहे," तो म्हणाला. "नियम माघातला. तुम्हाला जुनंच माप लागू. जोतं दोन हात चालेल."

"चालेल?"

"चालेल म्हणजे चालेल. उद्या कुणी काही म्हणालंच, तर ही फळी दाखवा. तुमच्या केसाला धक्का लागणार नाही."

निंबाजी चावडीच्या पायऱ्या उतरला तेव्हा त्याला वाटलं, आपल्याला पंख फुटले आहेत. वाटेत त्याने गूळ घेतला. घरी येऊन हौसाच्या हातावर खडा ठेवला. "सुटलो!" तो म्हणाला आणि सगळं सांगितलं.

हौसाने गूळ तोंडात टाकला नाही. तो हातातच धरून तिने विचारलं, "पण का बदलला नियम?"

"म्हणजे?"

"दोनाचे एकदम चार हात झाले. उगाच कोण करील? काही झालं असेल ना?"

"मला काय ठाऊक! मी विचारलं नाही. आपल्याला लागू नाही, मग विचारायचं कशाला?"

"आपल्याला लागू नाही," हौसा म्हणाली. "पण जे काही झालं असेल, ते त्या घराला लागू असेल की नाही?"

निंबाजी चिडला. तो तडक बाहेर निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे पाय आपोआप चावडीकडे वळले.

कारकून हसला. "का ते मी कसं सांगू? मी वाचतो, करत नाही. वरून आलं, मी वाचलं." मग त्याला त्या उतरलेल्या तोंडाची दया आली असावी. "घाटावरच्या नावाड्याला विचारा," तो म्हणाला. "हा नियम व्हायच्या आधी तो दोनदा इथे येऊन गेला होता."

नावाडी म्हातारा होता. तो नावेला डांबर लावत बसला होता. निंबाजीचा प्रश्न ऐकून त्याने हात पुसले.

"इतक्या दिवसांत विचारायला आलेला तू पहिलाच," तो म्हणाला. "सांगून कळायचं नाही. वर जाऊन बघ. नदीच्या काठाकाठाने चाल, जिथे तिचे दोन फाटे होतात तिथपर्यंत."

निंबाजी पहाटे निघाला आणि दुपारी तिथे पोचला. लहानपणी तो तिथे आला होता. डोंगरातून नदी उतरते, एका मोठ्या खडकाला अडते आणि तिचे दोन फाटे होतात. एक फाटा गावाकडे येतो, दुसरा डोंगरामागून दुसऱ्या मुलखात जातो. निम्मं पाणी इकडे, निम्मं तिकडे. गाव वसलं तेव्हापासून हे असंच होतं.

आता तिथे एकच फाटा होता. गेल्या भाद्रपदात डोंगराची एक अख्खी कड कोसळली होती. हत्तीएवढे दगड, मुळांसकट झाडं, लाल माती. दुसऱ्या फाट्याचं तोंड पार बुजून गेलं होतं. दगडांच्या पलीकडे कोरड्या पात्रात गवत उगवलं होतं आणि तिथे कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या.

निंबाजी एका दगडावर बसला. समोरून नदी वाहत होती, उन्हाळ्याची, घोट्याएवढी, अगदी गरीब. सगळीच्या सगळी गावाकडे. त्याने डोळ्यांपुढे आषाढ आणला. दोन फाट्यांचं पाणी एका फाट्यात. मग त्याने दोन हातांचं जोतं डोळ्यांपुढे आणलं आणि त्या गार भिंतीवर हात फिरवणारी ती बाई. चावडीवर नेलेली परवान्याची फळी अजून त्याच्या काखेतच होती. पाणी आलं, तर ती कुणाला दाखवायची?

परत आल्यावर तो थेट राहीआईच्या झोपडीत गेला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "किती दिवस झाले तुला कळून?"

"महिना होत आला."

"आणि तू मागच्या दाराने पळत होतास."

"हो, राहीआई."

"बाळ आडवं आलंय हे मला कळलं आणि मी महिनाभर बाईला सांगितलंच नाही, तर तू मला काय म्हणशील?"

निंबाजी खाली मान घालून उभा राहिला. राहीआईची बोटं मोजत होती. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. पहिली बाई ज्येष्ठाच्या शेवटी येणार होती.

"होईल?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही," निंबाजी म्हणाला. "छप्पर उतरवायचं. आतून दोन हात मुरूम भरून ठोकायचा. त्या भराने भिंती बाहेर फुगतील, म्हणून बाहेरून आधाराला दगडी पुस्ता बांधायचा. दारं वर घ्यायची. खोल्या बुटक्या होतील. आणि मला माणसं पुरणार नाहीत."

"माणसं मी आणते," राहीआई म्हणाली. "बायका ज्यांच्या आहेत, दगडही त्यांनीच वाहावेत."

तिसऱ्या दिवशी डोंगरातून अकरा जण उतरले. छप्पर उतरू लागलं, तसा शेजारून खेमाजी धावत आला.

"वेडा झालास का?" तो म्हणाला. "आपल्याला माफ आहे! मी स्वतः चावडीवर विचारून आलोय."

"मीही विचारून आलोय," निंबाजी म्हणाला. "खेमाजी, तू वर जाऊन फाटा बघून ये. एका दिवसाची वाट आहे. मग तूच ठरव."

"मला ठरवायचं काही नाही. माझं घर उभं आहे. माग आत लागलेत. आता तू जोतं चढवलंस, की उद्या विणकर मला विचारतील, याचं चार हात, तर आमचं दोन का? मी काय सांगू त्यांना?"

"जे आहे ते सांग."

खेमाजीचा चेहरा उतरला. तो आपल्या जागेकडे परत गेला. तो वर फाटा बघायला गेला नाही. आणि विणकरांनी विचारलं तेव्हा त्याने परवान्याची फळी दाखवली. विणकरांचं समाधान झालं. मोहर तर खरीच होती.

ते तीन महिने कसे गेले हे निंबाजीलाही नंतर नीट सांगता येत नसे. एका बाजूला भीती, की काम पुरं होणार नाही. दुसऱ्या बाजूला भीती, की काम पुरं होईल आणि पाणी येणारच नाही. मग सगळा गाव हसेल, की बघा, याने बांधलेलं घर स्वतःच मोडलं. आणि सगळ्यांत खोलवर तिसरी भीती होती, ती तो हौसालाही सांगत नव्हता. चार हात तरी पुरतील का? चार हे माप कुणी काढलं? नावाड्याने अंदाजाने सांगितलं असेल आणि वर कुणीतरी लिहिलं असेल. नदीला तर कुणी विचारलं नव्हतं.

ज्येष्ठ संपला. पाऊस सुरू झाला तेव्हा पुढच्या दोन खोल्यांवर छप्पर होतं, मागच्या दोन उघड्या होत्या. पाच बायका आल्या होत्या. त्या पुढच्या खोल्यांत दाटीने राहिल्या. मुरूम ठोकून घट्ट केला होता, पण पुस्त्याचा चुना अजून पुरता वाळला नव्हता.

आषाढातल्या एका सकाळी नदीचा आवाज बदलला. पाणी तांबडं झालं. दुपारपर्यंत ते काठावर आलं आणि मग, जुने लोक सांगत तसं थांबून थांबून नव्हे, एकदम आत शिरलं.

घराला आठ पायऱ्या होत्या. निंबाजी दारात उभा राहून पायऱ्या बघत होता. पहिली गेली, दुसरी गेली. आत त्या गार भिंतीवाल्या बाईला कळा सुरू झाल्या होत्या. राहीआईचा आवाज येत होता, शांत, एकाच सुरात. चौथी पायरी गेली. म्हणजे दोन हात. इथपर्यंतच जुनं जोतं होतं.

शेजारच्या घरात पाणी शिरलं, तसा आरडाओरडा सुरू झाला. खेमाजी आणि विणकर गुडघाभर पाण्यात उभे राहून माग ओढत होते. माग हलत नव्हते. सूत पाण्यावर तरंगत होतं.

"सोडा ते!" निंबाजी ओरडला. "इकडे या! खेमाजी, माणसं घेऊन इकडे ये!"

त्याने दोर टाकला. तो धरून एकेक जण आला. विणकर, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं, शेवटी खेमाजी. सगळे ओसरीवर चिकटून उभे राहिले. सहावी पायरी गेली. कोपऱ्यातल्या पुस्त्यातून बारीक आवाज आला आणि भिंतीला एक चीर पडली, केसाएवढी. निंबाजीने तिच्यावर तळहात ठेवला, जणू हाताने ती थांबणार होती. हौसा त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली आणि तिनेही हात ठेवला.

सातवी पायरी गेली. आठवीवर पाणी चढू लागलं. ओसरीच्या काठाखाली चार बोटं जागा उरली. सगळे त्या चार बोटांकडे बघत होते.

तेवढ्यात आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. पण ओसरीवर कुणी हललं नाही, कुणी हसलं नाही. सगळ्यांचे डोळे अजून पाण्यावर होते. बऱ्याच वेळाने एका म्हाताऱ्या विणकराने वाकून बोटं लावली आणि म्हणाला, "पाच झाली." मग सहा झाली. मग हौसा खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली.

पाणी ओसरल्यावर चावडीची माणसं आली. त्यांनी खेमाजीचं घर बघितलं. भिंती उभ्या होत्या, पण आत मांडीभर चिखल होता. माग वाकले होते, वर्षभराचं सूत सडलं होतं. त्यांनी परवाना मागितला. फळी दाराच्या वर टांगलेली होती, पाण्याला लागलेलीही नव्हती. ती वाचून त्यांनी मान हलवली. "सगळं मापाप्रमाणे आहे. तुमचा काही दोष नाही," ते खेमाजीला म्हणाले.

विणकर समोर उभे होते. त्यांतला म्हातारा म्हणाला, "दोष नाही, ते आम्हीही मानतो. पण खेमाजी, आता विणायचं कशावर?"

खेमाजी फळी हातात धरून उभा राहिला.

श्रावणातल्या पौर्णिमेला ढोल वाजला. कारकून पायरीवर आला आणि म्हणाला, "या महिन्यात नवा नियम नाही." गवंड्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी कमरेचा गूळ काढायला लागला.

तेव्हा निंबाजी पुढे झाला. त्या सकाळीही त्याच्या ताटात भाकरी उरली होती. पण तो बोलला.

"चार हात पुरत नाहीत," तो म्हणाला. "या वेळी पुरले, ते चार बोटांनी. पाऊस एक दिवस जास्त लागला असता, तर ओसरीवरची सगळी माणसं गेली असती. जोतं पाच हात करा. माझ्या घरालाही लागू करा. मी ते पुन्हा उचलीन."

गर्दीतून मोठा सुस्कारा उमटला. एक सुतार म्हणाला, "निंबाजी, निदान तू तरी असं म्हणू नकोस रे! तुलाच सगळ्यांत जास्त त्रास झाला."

कारकून लेखणी हातात घेऊन घुटमळला. तेव्हा मागून खेमाजी उठला. महिन्याभरात तो वाळून गेला होता.

"पाच लिहा," तो म्हणाला. "आणि का, तेही लिहा. वर फाटा बुजला आहे, सगळं पाणी इकडे येतं, असं लिहा. मला कुणी तेवढं वाचून दाखवलं असतं..." मग तो थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "नाही, मला सांगितलं होतं. मीच बघायला गेलो नाही."

कारकुनाने दोन्ही गोष्टी लिहिल्या. राजाने त्या मान्य केल्या. तेव्हापासून त्या गावात प्रत्येक नियमाबरोबर त्याचं कारणही वाचून दाखवू लागले. वाचायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागू लागला. गवंडी पूर्वीसारखेच कुरकुरत, पण आता ते मध्येच हात वर करून विचारत, आणि पटलं नाही तर स्वतः जाऊन बघून येत. त्या हिवाळ्यात निंबाजीने आणि खेमाजीने मिळून दोन्ही घरांची जोती पाच हात केली. पुढच्या वर्षीही पाणी आलं. दोन्ही घरं कोरडी राहिली.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, लक्षात ठेवा: नियम बदलला, की तो आपल्याला लागू आहे का, हे विचारण्याआधी, असं काय बदललं म्हणून तो बदलावा लागला, हे विचारावं.